गाडी नवी कोरी, मग बॉनेटवर हा दाणा कुठून आला?

या वेळचं पत्र मोठं आहे, थोडं कापून देते.

"ताई, चार महिने वाट बघून इलेक्ट्रिक गाडी घेतली, माझ्या स्वतःच्या कमाईची पहिली नवी गाडी. डिलिव्हरी संध्याकाळी मिळाली, फोटोबिटो झाले, सह्या केल्या, घरी आले. दुसऱ्या दिवशी उन्हात बघते तर बॉनेटवर रंगाच्या खाली एक दाणा, टाचणीच्या डोक्याएवढा. नखाने खरवडून बघितला, पुसून बघितला, पाण्याने धुतला, जात नाही, रंगातच अडकलाय. एकदा दिसला तो आता पन्नास फुटांवरूनही मला फक्त तोच दिसतो. तेव्हापासून एकेक सापडत गेलं. डिकीच्या दाराची फट डावीकडे बारीक आणि उजवीकडे जास्त आहे, ऐंशीच्या पुढे गेलं की ड्रायव्हरच्या काचेपाशी शिट्टीसारखा आवाज येतो, सकाळी डॅशबोर्डमधून टिकटिक होते, चार्जिंगचं झाकण एका कडेने वर आलंय, मागच्या सीटची शिलाई वाकडी आहे, उजव्या मागच्या दिव्यात वाफ धरते, पावसानंतर डिकीतलं कार्पेट जरा ओलसर लागलं, आणि स्टिअरिंग सरळ धरलं तरी गाडी किंचित डावीकडे जाते. डीलर म्हणतो ईव्हीत एवढं चालतंच, सगळं लिमिटमध्ये आहे, फारच वाटत असेल तर बॉनेट फुकट रंगवून देतो. नवरा म्हणतो गाडी चालवायला घेतलीस की भिंगातून बघायला. बारा दिवस झाले, रोज रात्री टॉर्च घेऊन खाली जाते नवीन काही सापडतंय का बघायला, आणि मलाच कळतं की हे बरोबर नाही. मी जास्तच करतेय का? बॉनेट रंगवून घेऊ का? का सरळ गाडी परत घ्या म्हणून भांडू?"

तुम्ही जास्त करत नाहीयात. आधी हे सांगून टाकते, कारण बारा दिवस हाच प्रश्न तुम्हाला खातोय असं दिसतंय. नवी गाडी म्हणून पूर्ण पैसे मोजलेत तर ती नव्यासारखी असावी ही अपेक्षा साधी आहे, त्यात नखरे कसले.

पण तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना एका गोष्टीने माझा जीव वरखाली झाला. दाण्यावर तुम्ही तीन वाक्यं लिहिलीत आणि डिकीतल्या ओल्या कार्पेटला फक्त एक अर्धं वाक्य, तेही "जरा ओलसर लागलं" म्हणून. माझ्या हिशोबाने हे बरोबर उलटं पाहिजे होतं. आणि अजून एक बघा, डिकीची फट उजवीकडे जास्त, वाफ धरते तो दिवा उजवा, आणि ओल डिकीत. हे तीन वेगळे दोष नसून एकच असू शकतो. डिकीचं दार एका बाजूला नीट बसत नसेल तर तिथलं रबर पुरेसं दाबलं जात नाही आणि तिथून पाणी आत येतं, किंवा दिव्याच्या मागे जे सील असतं ते नीट बसलेलं नाही, त्यामुळे दिव्यात पण ओल आणि दिव्याच्या मागून डिकीत पण. आपण यादी करतो ती जसजसं दिसेल तशी, आणि मग जास्त टोचतं ते वर राहतं. त्यापेक्षा एका कागदावर गाडीचं चित्र काढा, वरून बघितल्यासारखं, कसंही चालेल, आणि नऊच्या नऊ गोष्टी त्या त्या जागी मांडा. उजव्या मागच्या कोपऱ्यात तीन खुणा एकत्र पडल्या की मेकॅनिकला पण वेगळं काही समजवावं लागणार नाही.

डिकीतली चटई पूर्ण उचला, फक्त वरून हात लावून भागत नाही. खाली जो खोलगट भाग असतो, जिथे टूलकिट किंवा पंक्चरचं किट ठेवतात, तिथे कोरडा टिश्यू दाबून बघा, कडेच्या प्लॅस्टिकच्या मागे जाईल तेवढा हात घाला. पाणी सापडलं तर आधी फोटो, मग पुसून एकदम कोरडं करा, आणि मग कुणाला तरी पाईप धरायला लावून तुम्ही आत टॉर्च घेऊन बसा. (ती टॉर्च इथे कामाला येईल.) पाणी हळू सोडायचं, प्रेशर गनने अजिबात नाही, आणि खालून वर जायचं, आधी बंपरच्या लेव्हलला दोन-तीन मिनिटं, मग दिव्यापाशी, मग डिकीच्या वरच्या कडेला, म्हणजे ज्या टप्प्यावर आत थेंब दिसेल ती जागा सापडते. सगळीकडे एकदम पाणी मारलं तर नुसतं कळेल की गळतंय, कुठून ते कळणार नाही.

एवढी घाई का करायला सांगते ते पण सांगते. ईव्हीची मोठी बॅटरी गाडीच्या तळाला वेगळ्या सीलबंद डब्यात असते, डिकीतलं पाणी तिच्यात जाईल अशी भीती घेऊ नका. पण मागच्या बाजूला बऱ्याच गाड्यांमध्ये वायरिंगचे जोड, कंट्रोल युनिटं, काहींमध्ये छोटी १२ व्होल्टची बॅटरीसुद्धा असते, आणि जोडात ओल गेली की गंज आज दिसत नाही, आठ-दहा महिन्यांनी स्क्रीनवर कसलीतरी वॉर्निंग येते आणि तेव्हा सर्व्हिस सेंटरवाले तुम्हालाच विचारतात पाणी कुठे घातलंत. म्हणून ही गोष्ट याच आठवड्यात लेखी गेली पाहिजे.

दुसरी गोष्ट डावीकडे ओढण्याची. तीही तुम्ही शेवटी लिहिलीय आणि ती वर पाहिजे. पण घाबरायच्या आधी टायरची हवा तपासा, गार टायरला, सकाळी निघायच्या आधी. फॅक्टरीतून गाड्या ट्रकवर किंवा जहाजावर चढवताना टायरमध्ये पुष्कळदा नेहमीपेक्षा जास्त हवा भरलेली असते, डिलिव्हरीच्या आधी तपासणीत ती कमी करायची असते, आणि घाईघाईत ती कधी तशीच राहते, कधी तीन टायरची कमी करतात आणि एक विसरतात. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर जो स्टिकर असतो त्यावरचा आकडा बघा आणि चारही टायर त्याप्रमाणे करा. त्यानंतरही ओढत असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून सरळ करणं, करायला सांगा आणि आधीचा नि नंतरचा असे दोन्ही प्रिंटआउट मागून घ्या. ईव्ही जड असते आणि पिकअप जोरात, त्यामुळे अलाइनमेंट बिघडलेलं असेल तर टायर फार लवकर खातात, कधीकधी आतल्या कडेने, जे उभं राहून दिसतच नाही. ब्रेक, स्टिअरिंग, सीटबेल्ट, चार्जिंग मध्येच तुटणं, स्क्रीनवरची लाल वॉर्निंग, यातलं काहीही असेल तर तिथे "जरासं" हा शब्दच वापरायचा नाही, सरळ गाडी नेऊन लावायची.

आता डीलर म्हणतो "ईव्हीत एवढं चालतंच" त्याबद्दल. यात अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्या खऱ्याच्या आड तो लपतोय. अमेरिकेत जे.डी. पॉवर नावाची कंपनी १९८७ पासून दरवर्षी नव्या गाडीवाल्यांना पहिल्या ९० दिवसांत काय काय त्रास झाला ते विचारते. २०२४ च्या पाहणीत दर १०० पेट्रोल-डिझेल गाड्यांमागे १८० तक्रारी होत्या आणि दर १०० इलेक्ट्रिक गाड्यांमागे २६६. म्हणजे ईव्हीत जास्त आहेत हे खरंच, त्यात स्क्रीन, सॉफ्टवेअर, फीचर नीट न चालणं हे पण खूप आहे. पण नीट बघा, पेट्रोल गाडीत पण सरासरी दोनाच्या जवळ आहेच की. तुमच्या नऊवर मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही, कारण इतकं कसून बघणारा माणूस कुठल्याही नव्या गाडीत चार-पाच काढेलच.

आणि हे होतं कसं तेही माहीत असलेलं बरं. सँडी मन्रो म्हणून एक अमेरिकन इंजिनिअर आहेत, गाड्या पूर्ण सुट्या करून अभ्यास करतात. २०१८ मध्ये त्यांनी टेस्लाची सुरुवातीच्या काळातली मॉडेल ३ उघडली तेव्हा बॉडीच्या फटींवर सडकून टीका केली, आणि त्याच गाडीच्या बॅटरीचं आणि इलेक्ट्रॉनिक्सचं मनापासून कौतुक केलं. एकाच गाडीत दोन्ही होतं! नंतर २०२१ मध्ये नवी मॉडेल ३ बघितली तर फटी पुष्कळ सुधारलेल्या. त्याच सुमाराला इलॉन मस्कने त्यांच्याशी बोलताना मान्य केलं की उत्पादन झपाट्याने वाढवत असताना क्वालिटी सांभाळणं अवघड जातं, स्पीड वाढवला तेव्हा रंग पुरेसा वाळत नव्हता हेसुद्धा त्यानेच सांगितलं. तर पत्रा कसा बसलाय यावरून मोटर-बॅटरी कशी आहे ते ठरत नाही, ही दोन कामं फॅक्टरीच्या वेगवेगळ्या टोकाला होतात. वाकडी फट बघून तुमच्या मनात "आत काय केलं असेल देव जाणे" असं येत असणार, ती भीती सोडून द्या. मात्र "चालतंच" म्हणून डीलरने दुरुस्त करायचं नाही असा त्याचा अर्थ होत नाही, वॉरंटी असते ती याचसाठी.

आता तुमचा मुख्य प्रश्न, बॉनेट रंगवून घेऊ का. नको. अगदी हात जोडून सांगते, नको.

माझ्या आधीच्या गाडीला मी हेच केलं होतं. मागच्या दारावर दाणा होता, तुमच्यासारखाच, मी भांडून भांडून दार फुकट रंगवून घेतलं आणि जिंकले असं वाटलं. घरी आणली तेव्हा रंग तंतोतंत जुळलेला. दोन आठवड्यांनी उतरत्या उन्हात तिरक्या बाजूने बघितलं तर ते दार बाकीच्या गाडीपेक्षा एक छटा करडं दिसत होतं, आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीत, बाजूच्या दारात खांबाचं प्रतिबिंब सरळ रेषेत पडायचं आणि या दारात तेच प्रतिबिंब थरथरल्यासारखं. रंगवताना आतलं प्लॅस्टिक काढलं होतं त्याच्या दोन क्लिपा तुटल्या असाव्यात, त्या दारातून खडखड सुरू झाली ती शेवटपर्यंत गेली नाही. आणि गाडी विकायला काढली तेव्हा घेणाऱ्याने रंगाची जाडी मोजायचं मीटर लावलं, त्या दारावर आकडा जवळजवळ दुप्पट आला, आणि तो म्हणाला ॲक्सिडेंटची दिसतेय. मी किती सांगितलं की एका दाण्यासाठी रंगवलं होतं, कोण विश्वास ठेवणार? तो दाणा तसाच राहिला असता तर आज मला तो कुठे होता हेही आठवलं नसतं.

याचं कारण नुसतं रंगाऱ्याचा हात चांगला की वाईट एवढंच नाहीये. फॅक्टरीत रंगाच्या वेळी गाडी म्हणजे नुसता पत्र्याचा सांगाडा असतो, काचा नाहीत, सीट नाहीत, बॅटरी नाही. तो पूर्ण सांगाडा गंजरोधक टाकीत बुडवतात आणि १६०-१८० अंशांच्या भट्टीत भाजतात, वरचे रंगाचे थर पण १४० अंशांच्या आसपास भाजले जातात. तयार गाडी, तीही खाली बॅटरी असलेली, कुणी एवढी तापवू शकत नाही, म्हणून वर्कशॉपमध्ये वेगळ्या प्रकारचा रंग असतो, हार्डनर घालून, जो साधारण ६० अंशांवर वाळतो, आणि ईव्ही असेल तर तेवढ्याला सुद्धा बॅटरीच्या तापमानाकडे लक्ष ठेवावं लागतं. तो रंग वाईट असतो असं नाही, अपघात झाला तर तोच लागणार आहे, पण फॅक्टरीने दिलेला थर एकदा गेला की तो परत कुठेच मिळत नाही, आणि एका टाचणीच्या डोक्यासाठी पूर्ण बॉनेटचा तो थर द्यायचा?

मग दाण्याचं काय करायचं? पूर्ण रंगाची जाडी मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते, माणसाचा केस साधारण ७० चा असतो, म्हणजे सगळे थर मिळून दोन केसांइतके. त्यातला वरचा पारदर्शक थर ४०-५० मायक्रॉनचा. धूळ त्या वरच्या थरात अडकलेली असेल तर चांगला डिटेलिंगवाला अगदी बारीक सँडपेपरने फक्त तेवढा उंचवटा सपाट करतो आणि पॉलिश करतो, काही मायक्रॉनच जातात, हाताला लागायचं बंद होतं आणि बहुतेक वेळा दिसायचं पण. डीलरला सांगा की रंगवून नको, पॉलिश करून द्या, अनुभवी माणसाकडून, आधी आणि नंतर मीटरने जाडी मोजून. मशीन हातात धरून पूर्ण बॉनेटवर फिरवणारा नवशिका मुलगा असेल तर गाडी घेऊन परत या, गोल गोल चरे पाडून ठेवेल. आणि दाणा खालच्या रंगाच्या थरात असेल, सपाट करूनही आत ठिपका राहील असं तो म्हणाला तर तसाच ठेवा, फोटो काढून लेखी नोंद करून ठेवा, त्या जागी पुढे फुगा आला किंवा रंग सुटला तर ती नोंद कामाला येईल. तोपर्यंत वरून फिल्म किंवा कोटिंग मारू नका, शोरूमवाले पहिल्याच आठवड्यात ते गळ्यात मारतात आणि एकदा मारलं की दोष त्याच्या खाली बंद होऊन बसतो.

फटींचं मात्र उलट आहे. डिकीचं दार ॲडजस्ट करणं हे रंग न लावता होणारं काम आहे, बिजागरीचे बोल्ट, कुलपाचा हुक, कडेचे रबरी बंप असं हलवून बसवतात. पण "इकडे जास्त तिकडे कमी" असं तोंडी सांगू नका, मोजून सांगा. बँकेचं कोणतंही कार्ड घ्या, जगभर सगळ्यांची जाडी ०.७६ मिलिमीटर असते. कार्डं एकावर एक ठेवून फटीत हळूच सरकवून बघा, रंगावर घासू नका, कडेला कागदी टेप लावून घ्या. डावीकडे चार कार्डं बसली आणि उजवीकडे सात, तर तीन मिलिमीटर विरुद्ध सव्वापाच, झाली की मोजणी. आणि लिमिटमध्ये आहे म्हणाले तर विचारायचं लिमिट किती, कंपनीने या फटीला किती आकडा दिलाय, तो जॉब कार्डवर (गाडी जमा करताना तक्रारी लिहून घेतात तो कागद) लिहून द्या. आवाज चढवायची गरज नाही, शांतपणे एवढंच विचारायचं. माझा अनुभव आहे की आकडा मागितला की दहातल्या सात वेळा "बघतो मॅडम, करून देतो" येतं. फक्त डिकी हलवायच्या आधी गळतीची जागा सापडली पाहिजे, आणि हलवल्यानंतर पाण्याची टेस्ट परत, तुमच्या समोर. दार दिसायला सरळ झालं आणि पाणी तसंच येत राहिलं असं व्हायला नको.

शिट्टीसाठी एक स्वस्तातली युक्ती आहे. रंगकामवाले वापरतात ती कागदी मास्किंग टेप घ्या, आरशाच्या बुडाशी, काचेच्या कडेच्या रबरावर, दार आणि खांबाच्या फटीवर लावा (कॅमेरा-सेन्सर सोडून), आणि त्याच रस्त्यावर त्याच स्पीडला जाऊन या, वारा फार नसेल अशा दिवशी. आवाज गेला? मग एकेक पट्टी काढत परत तीच फेरी मारा, ज्या पट्टीबरोबर शिट्टी परत येईल तीच जागा. तिचा फोटो काढून ठेवा. सर्व्हिस सेंटरला "आवाज येतो" म्हणून दिलेल्या गाडीचं पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, संध्याकाळी परत मिळते आणि कार्डवर लिहिलेलं असतं की आवाज आढळला नाही. तेच "आरशाच्या मागच्या कोपऱ्यावर टेप लावली की जातो" असं सांगितलं की त्यांना पळवाट राहत नाही. दाराच्या रबराला अजून एक टेस्ट, कागदाची पट्टी मध्ये धरून दार लावायचं आणि कागद ओढायचा, घट्ट अडकत आला पाहिजे, सटकन निघाला तर तिथे रबर दबत नाहीये.

डॅशबोर्डच्या टिकटिकीबद्दल मात्र थोडा धीर धरा. इंजिनाच्या गाडीत असले शंभर आवाज असतात, इंजिन त्यांना झाकतं. ईव्हीत झाकणारं कुणीच नाही म्हणून प्लॅस्टिकला प्लॅस्टिक घासलेलं सुद्धा कानात टोचतं. सकाळीच येते म्हणता म्हणजे गार गाडी तापताना प्लॅस्टिक प्रसरण पावतं त्याची असण्याची शक्यता जास्त. आधी गाडीतलं सगळं सुटं सामान काढा, चष्म्याच्या खणातलं, दाराच्या कप्प्यातलं, डिकीतली चार्जिंगची केबल सुद्धा, रिकाम्या सीटच्या बेल्टचं बक्कल प्लॅस्टिकवर आपटतंय का बघा. मग दुसऱ्या कुणालातरी चालवायला द्या आणि तुम्ही बाजूला बसून डॅशबोर्ड तळहाताने एकेका जागी दाबत जा. नवऱ्याला चालवायला बसवा, तुम्हाला काय ऐकू येतं ते त्यांनाही कळेल. जागा सापडली की तिथे फेल्टची पट्टी लावून काम होतं, पूर्ण डॅशबोर्ड उघडायला देऊ नका. एकदा उघडलेला डॅशबोर्ड पहिल्यासारखा गप्प बसलेला मी तरी क्वचितच बघितलाय.

आणि टॉर्च घेऊन फिरताय तर हे पण सांगून ठेवते, नाहीतर यादी विनाकारण वाढेल. गाडी चालू करताना किंवा चार्जर लावताना आतून जाडसर "टक" येतं ते हाय व्होल्टेजचे स्विच जोडल्याचं, दोष नाही. फास्ट चार्जिंगला लावल्यावर पंखा आणि एसीचा कॉम्प्रेसर घोंघावतो, तो बॅटरी गार ठेवायला. कमी स्पीडला बाहेर गुणगुणल्यासारखा आवाज येतो तो मुद्दाम दिलेला असतो, चालणाऱ्या लोकांना गाडी येतेय हे कळावं म्हणून, संयुक्त राष्ट्रांच्या नियमात साधारण २० किलोमीटर वेगापर्यंत तो लागतो, अमेरिकेत ३० पर्यंत. गाडी धुतल्यावर किंवा पावसात उभी राहिल्यावर पहिल्या एक-दोन ब्रेकला खरखर येते कारण डिस्कवर वरवरचा गंज धरतो, आणि ईव्हीत बराचसा ब्रेक मोटरच लावते त्यामुळे डिस्क घासून स्वच्छ व्हायला वेळ लागतो. नव्या दाराचं रबर कडक असतं म्हणून दार जोरात लावावं लागतं, दोन-तीन महिन्यांत बसतं. हे आजच ढिलं करून घेतलंत तर पुढे दार सैल पडेल.

राहिलं ते पटकन. दिव्यात नुसती वाफ धरून दिवा लावल्यावर जात असेल तर कुठल्याही गाडीत होतं, पण थेंब ओघळत असतील किंवा तळाशी पाणी साचत असेल तर दिवा बदलून मागा, आणि तुमच्या केसमध्ये डिकीत पण ओल आहे म्हणून मी नुसत्या वाफेला सुद्धा हलकं घेणार नाही. चार्जिंगचं झाकण पाच मिनिटांचं ॲडजस्टमेंट आहे, डिकीबरोबर करून घ्या. शिलाई सुटत नसेल, फक्त वाकडी असेल, तर फोटो आणि नोंद पुरे, कव्हर बदलायला सीट काढावी लागते आणि मागे लिहिलं तेच, उघडलेलं परत तसं बसत नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत आळस करू नका. आत्ता बाराच दिवस झालेत ही तुमची सगळ्यात मोठी ताकद आहे, सहा महिन्यांनी तीच डिकीची फट "बाहेर कुठे ठोकली असेल" होते. दिवसाउजेडी फोटो, किलोमीटरचा आकडा दिसेल असा एक फोटो, आणि नऊच्या नऊ गोष्टी एका ईमेलमध्ये, डीलरला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला एकदमच. व्हॉट्सॲपवर सेल्सवाल्याशी बोलणं म्हणजे तक्रार नव्हे, तो उद्या दुसऱ्या शोरूमला जाईल. वॉरंटीचं पुस्तक काढून वाचा, बॅटरीची वॉरंटी लांबलचक असते पण बॉडी ॲडजस्टमेंट आणि आवाज यांची मुदत बऱ्याचदा वेगळी आणि बरीच कमी असते, ती कुठल्या तरी मधल्या पानावर बारीक अक्षरात असते. गाडी जमा करताना जॉब कार्डवर ॲडव्हायझरने "जनरल चेकअप" लिहिलं तर सही करू नका, तुमचे शब्द लिहायला लावा, "उजव्या मागच्या कोपऱ्यातून डिकीत पाणी येते", आणि कॉपी घ्या, काम झालं नाही तरी घ्या. आणि सगळं एकाच खेपेत करायला सांगू नका. पहिल्या खेपेला पाणी, डिकी, दिवा, झाकण आणि अलाइनमेंट. शिट्टी दुसऱ्या खेपेला, जागा सापडल्यावर. एकदम नऊ कामं दिली की सोपी चार करतात आणि नवावर टिक मारतात.

परत घ्या म्हणून भांडायचं का? आज नाही. ज्या यादीतल्या बहुतेक गोष्टी पान्याने आणि रबराने सुटणाऱ्या आहेत त्यावर गाडी परत करायला निघालात तर तुमचं वर्ष त्यात जाईल. पण पाणी दोनदा दुरुस्त करूनही परत आलं, किंवा अलाइनमेंट बसतच नाही असं निघालं, म्हणजे बॉडीतच काही वाकडं आहे, तर मात्र मागे हटू नका, तेव्हा ग्राहक कायद्याचा वकील गाठा, आणि तेव्हा हेच दोन-तीन जॉब कार्ड तुमच्या बाजूने बोलतील.

रात्रीच्या टॉर्चचं काय ते तुम्ही स्वतःच लिहिलंय, मी त्यावर उपदेश करणार नाही. एवढंच सुचवते की ईमेल पाठवली की यादी बंद करा, पहिली खेप होऊन गाडी परत येईपर्यंत नवीन काही शोधायचं नाही. आणि मध्ये एखाद्या रविवारी पहाटे, रस्ता मोकळा असताना, कुठेतरी लांब चालवून या. तुम्ही अख्ख्या पत्रात गाडी चालवायला कशी वाटते यावर एक अक्षर लिहिलेलं नाहीये, आणि चार महिने वाट बघितलेली ती त्यासाठीच ना. नवऱ्याला माझा निरोप द्या की भिंगातून बघणाऱ्या बायकोमुळेच डिकीतलं पाणी बाराव्या दिवशी सापडलं, दहाव्या महिन्यात नाही.

आणि चटई उचलून खाली काय निघालं ते मला लगेच कळवा, कोरडं निघालं तरी कळवा.